हळदीने दाखवलेली चीर

वरण वाढलं तेव्हा ताटली पांढरीशुभ्र होती. जेवणं उरकेपर्यंत तिच्या काठापासून आत एक पिवळी रेष उतरली होती. केसाइतकी बारीक आणि करंगळीएवढी लांब. वरणाचा ओघळ वाळला असेल असं समजून मी बोटाने पुसलं, मग घासणीने घासलं, मग नखाने खरवडलं. रेष तशीच. नवरा शेजारी उभा राहून भांडी पुसत होता. तो म्हणाला, "अगं, ती वर नाहीये, आत आहे."

ताटली मी त्याच सकाळी आणली होती. तोक्योत यूराकुचो स्टेशनला लागून इंटरनॅशनल फोरमचं पटांगण आहे. तिथे महिन्यातून दोन रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पाऊस आला की बाजार रद्द. एका म्हाताऱ्या बाईंच्या चादरीवर ही ताटली दिसली. निळी-पांढरी, वीतभरापेक्षा कमी रुंद, मध्यभागी पाइन, बांबू आणि आलुबुखाराच्या फुलांचं कडं, आणि बाहेरून सगळीकडे वेटोळी घेत गेलेली वेल. किंमत दीड हजार येन. चिठ्ठीवर कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरांत, बरंच काही लिहिलं होतं, ते मला अर्धंमुर्धं लागलं. शेवटी काताकानात, परक्या शब्दांसाठी वापरतात त्या सोप्या लिपीत, एकच शब्द होता, तो मात्र झटकन वाचता आला: 'न्यू'. मी खूश. म्हटलं, एडो काळातली (१८६८ च्या आधीची) आणि तरी न्यू, म्हणजे कुणी वापरलेलीच नाही!

जुन्या चिनीमातीच्या धंद्यात 'न्यू' म्हणजे केसभर चीर. इंग्रजीशी त्याचा काडीचा संबंध नाही. बाईंनी प्रामाणिकपणे दोष लिहून ठेवला होता आणि मी तो गुण समजून पैसे मोजले होते. त्या रात्री सगळी चिठ्ठी शब्दकोश घेऊन लावली. आज तो शब्द दिसला की मी आधी ताटली उजेडासमोर धरते.

रेष घालवायला आधी ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर कोमट पाण्यात घालून ताटली बुडवली. पाच मिनिटांनी पाहिलं तर पिवळी रेष लालभडक झालेली. पोटात गोळाच आला. मग डोक्यात प्रकाश पडला: हळदीत चुना पडला की कुंकू होतं! पावडर क्षारयुक्त, चिरेत हळद, म्हणजे मी एडो काळातल्या ताटलीच्या भांगात कुंकू भरलं होतं. धुऊन घेतल्यावर लाली उतरली, पिवळं राहिलं. शेवटी आईचा उपाय केला. हळदीचा डाग पडलेला शर्ट ती साबण लावून उन्हात टाकायची, दुसरं काही नाही. ताटली बाल्कनीत दोन दिवस उन्हात ठेवली. रेष फिकी होत होत जवळपास दिसेनाशी झाली. चीर अर्थात तिथेच आहे. पण कुठून कुठपर्यंत आहे ते मला आता पक्कं ठाऊक आहे, आणि ते हळदीने सांगितलं.

वरण वाढायची ती ताटली नव्हतीच म्हणा. तिचं नाव 'नामासु-झारा', म्हणजे नामासुची ताटली. पूर्वी नामासु म्हणजे कच्च्या माशाचे किंवा भाज्यांचे बारीक काप आंबट रसात कालवलेले. आता नवीन वर्षाला मुळा आणि गाजर बारीक चिरून व्हिनेगरमध्ये घालतात, तोच नामासु. थोडक्यात काय, कोशिंबीर. पाच सुन म्हणजे पंधरा सेंटिमीटर रुंद आणि मधे चांगली खोलगट, पाणी सुटलेली काकडी सांडू नये इतकी. हे कळलं त्या दिवसापासून आमच्याकडे कोशिंबीर तिच्यातच होते. दाण्याचं कूट, दही, वरून फोडणी. फोडणीत हळद न घालायची शिस्त मात्र अंगवळणी पडायला महिना लागला.

आपलं जेवण पातळ. आमटी, रस्सा, कढी, ताक. सपाट सुंदर ताटल्या बाजारात खूप मिळतात, पण त्या आपल्या काही कामाच्या नाहीत. आमटी वाढली की भाताला पोहायला लागतं. त्यामुळे मी गोळा केलं ते सगळं खोलगट, आणि जाणत्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही. संग्राहक ज्याच्यामागे धावतात त्या पातळ, रंगीत, सोनेरी वस्तूंकडे मी दुरून नमस्कार करते. एक तर परवडत नाही. दुसरं कारण शिसं. निळ्या-पांढऱ्या भांड्यांत कोबाल्टचा निळा रंग चकाकीच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, खाली असतो, आणि सगळं मिळून १३०० अंशांच्या आसपास भाजलेलं असतं. लाल, हिरवे, पिवळे रंग मात्र चकाकीच्या वर चढवून सात-आठशे अंशांवर पुन्हा भाजतात, आणि ते वितळावेत म्हणून जुन्या काळी त्यांत शिसं घालत. चिंचेची आमटी, लिंबाचं लोणचं, सोलकढी असलं काही त्यात मी ठेवणार नाही. कोरडे लाडू ठेवते.

याच कारणाने एक वाडगा कायमचा कपाटात गेला. तो मी तीन तुकडे जोडलेला म्हणून हौसेने घेतला होता. सांध्यांवर काचेसारखा दुधी पाझर होता आणि तळाला लाल रंगात कसलीशी खूण. हे 'याकित्सुगी'. एडो शहरात, म्हणजे जुन्या तोक्योत, फुटकी भांडी जोडून देणारे कारागीर होते. काचेची पूड सांध्यात भरून पुन्हा भाजायची आणि कुणाचं भांडं कुणाचं ते चुकू नये म्हणून तळाला लाल खूण करायची. आपल्या कल्हईवाल्यासारखेच दारोदार फिरत असणार असं मला आपलं वाटतं. ती काच शिशाची. त्यामुळे वाडगा बघायला ठीक, दही लावायला नाही. पण लाल खूण बघून मला प्रत्येक वेळी मजा वाटते. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी "माझा तोच परत द्या हं" असं बजावलं असणार.

दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आरिताला गेलो. क्यूशू बेटावरचं हे चिनीमातीच्या भांड्यांचं गाव. २९ एप्रिल ते ५ मे या दिवसांत तिथे भांड्यांची जत्रा असते. गावातला मुख्य रस्ताच काही किलोमीटर दुकानांनी भरतो. नवऱ्याने पहिल्या दुकानातच विचारलं, "आपण विमानाने परत जाणार आहोत ना?" माझा खरा ओढा जुन्या खाणीकडे होता. इझुमियामा म्हणतात तिला. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परतताना इथले सरदार तिकडचे कुंभार घेऊन आले. त्यांच्यापैकी री सांपेई नावाच्या कुंभाराला १६१६ मध्ये इथे पोर्सिलिनचा दगड सापडला असं आरितावाले मानतात. दगडच, माती नव्हे. दगड कुटून, पाण्यात निवळून त्याची माती करायची. आज तिथे डोंगर नाही, डोंगराच्या जागी मोठा खळगा आहे. चारशे वर्षांत लोकांनी एक टेकडी ताटल्या करून जगभर वाटून टाकली. गल्ल्यांतून जुन्या भट्ट्यांच्या विटा रचून बांधलेल्या भिंती आहेत, विटांवर वितळलेल्या चकाकीचे हिरवट ओघळ तसेच.

माल आरिताचा, पण जहाजात चढायचा इमारी बंदरात, म्हणून जग त्याला इमारी म्हणतं. मोती बसऱ्याला पिकत नव्हता, तरी आपण बसरा मोतीच म्हणतो, तसंच हे. चीनमध्ये मिंग गेले, छिंग आले, त्या धामधुमीत तिथला माल बाहेर पडेना. डच ईस्ट इंडिया कंपनीने मग मोहरा इकडे वळवला आणि १६५९ मध्ये आरिताला एकदम पन्नास हजारांहून जास्त नगांची मागणी दिली. प्रतापगडाखाली अफजलखान पडला ते हेच साल. आणि याच कंपनीची तेव्हा वेंगुर्ल्याला वखार होती. संग्रहालयातल्या काचेपलीकडच्या थोरल्या थाळ्या बघताना माझ्या डोक्यात हे वेंगुर्लंच घोळत होतं.

तिथल्या क्यूशू सिरॅमिक संग्रहालयात शिबाता दांपत्याने दिलेला दहा हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह आहे. साल-काळानुसार मांडलेला. मी माझ्या नामासु-झाराचे फोटो घेऊन गेले होते. वरून, बाजूने, आणि मुख्य म्हणजे उलटी करून. कारण या धंद्यात ताटली वरून बघतात ते हौशी आणि उलटी करतात ते गिऱ्हाईक. जुन्यात जुन्या इमारी ताटल्यांची बैठक अगदी छोटी, ताटलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पुढे ती रुंद होत गेली. मोठ्या थाळ्यांच्या तळाला टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात. भट्टीत थाळीचं पोट खाली बसू नये म्हणून मातीचे बारीक खुंट लावत, त्यांचे ते वण. माझ्या ताटलीच्या तळाला मधे खोलगट चकाकी आणि तिच्याभोवती चकाकी खरवडून काढलेलं रुंद कडं. त्याला 'सापाचा डोळा' म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची ही पद्धत. बाहेरची ती वेटोळी वेल 'ताको-काराकुसा', ऑक्टोपसची वेल. संग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या कपाटात माझ्या ताटलीची सख्खी बहीण सापडली. मी नवऱ्याला हाक मारली ती जरा जास्तच मोठ्याने.

एवढं शिकूनही फसले, तेही दिवाळीच्या तोंडावर. इंटरनेटवरच्या लिलावात एक शाकूची, म्हणजे तीस सेंटिमीटरची थाळी दिसली. 'निर्दोष' असं लिहिलं होतं, फोटो स्वच्छ, भाव बरा. आली तेव्हाही निर्दोषच दिसली. लक्ष्मीपूजनाला तिच्यात वाफाळता मसालेभात काढला, वर खोबरं-कोथिंबीर, सगळ्यांनी फोटो काढले. रात्री गरम पाण्याखाली धरली आणि काठाचा एक भाग अंगठ्याखाली मऊ लागला. मऊ! पोर्सिलिन आणि मऊ? घासणीवर निळा रंग आला. मग पांढरा लगदा. शेवटी तिथे आठ आण्याएवढी खाच उघडी पडली आणि तिच्यापासून आत गेलेला तडा. राळेसारखं काहीतरी भरून वर नक्षी रंगवून टाकली होती. याला 'तोमोनाओशी' म्हणतात. सांगून केली तर ती दुरुस्ती, न सांगता केली तर लबाडी. आम्ही पाच जणांनी त्या राळेवरून मसालेभात खाल्ला होता. विकणाऱ्याला लिहिलं, त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: जुन्या वस्तू परत घेत नाही.

तेव्हापासून पर्समध्ये छोटा अतिनील टॉर्च असतो. अंधारात मारला की भरलेला भाग चकाकीपेक्षा वेगळा उजळतो. त्याहून सोपी खूण म्हणजे गाल. थाळी गालाला लावली की पोर्सिलिन गार लागतं, राळ लागत नाही. बाजारात गालाला थाळी लावून उभी असलेली भारतीय बाई लोकांनी बघितली असेल तर ती मीच.

खाच पडलेली थाळी टाकवेना. घराजवळच्या किन्त्सुगीच्या वर्गात नाव घातलं. किन्त्सुगी म्हणजे 'सोन्याने जोडणं' असं सगळे सांगतात, पण जोडतो तो उरुशी, एका झाडाचा चीक. सोनं म्हणजे नुसती वरची हळद-कुंकवाची बोटं. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी, पहिल्या दिवशी हातमोजे दिले आणि सांगितलं की तरी पुरळ येणारच. मी हसले. तिसऱ्या दिवशी मोजा जिथे संपतो तिथे, मनगटाभोवती, लाल फोडांची बांगडी उठली. रात्रभर खाज. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती लांबूनच म्हणाली, "बिब्बा उतलाय तुला." मी म्हटलं इथे कुठला बिब्बा. नंतर वाचलं तर खरंच उरुशी आणि बिब्बा एकाच कुळातले, काजू आणि आंबासुद्धा. कोकणात काजू भाजणाऱ्यांच्या हाताची सालं निघतात, तोच प्रकार. आईचं निदान तोक्योच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या आधी झालं होतं.

काम चाललं तीन महिने. आधी तड्यात पातळ कच्चा उरुशी सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो. मग खाच भरायची. गव्हाचं पीठ पाण्यात मळून त्यात उरुशी घालायचा आणि लाकडी पात्याने घोटायचं. कणीक तिंबावी तसं, फक्त ही कणीक तपकिरी होत जाते आणि उचलली की पाकाच्या तारेसारखी लांबते. एकतारी की दोनतारी ते सेन्सेईंना विचारावं असं फार वाटलं. त्यात लाकडाचा भुसा कालवून खाचेत थोडं थोडं भरायचं. एकदम भरलं तर आतलं ओलं राहतं. मग बारीक मातीची पूड आणि उरुशी यांचा लेप, तो घासून सपाट करायचा, त्यावर काळा हात, पुन्हा घासायचं, मग लाल हात, आणि तो अर्धवट ओला असताना सोन्याची पूड.

प्रत्येक थराला थांबावं लागतं, आणि थांबायचं ते दमटात. उरुशी आपल्या रंगांसारखा वाळत नाही. हवेतल्या पाण्याने घट्ट होतो. पंचवीस अंशांच्या आसपास ऊब आणि सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा लागतो. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात ओला टॉवेल घालून थाळी ठेवली. जानेवारीतल्या कोरड्या तोक्योत आठवडा गेला तरी बोट चिकटत होतं. सेन्सेई म्हणाल्या, जूनच्या पावसात ये, तेव्हा भराभर होतं. मला आमच्या ठाण्याच्या घरातला जुलै आठवला. पापड मऊ, मीठ ओलं, चपलांना बुरशी. तिथे उरुशी एका रात्रीत मुरला असता. हो, मुरतो हाच शब्द त्याला बरोबर बसतो. लोणच्यासारखा.

सोन्याची पूड लावताना माझा हात थरथरला आणि थोडी टेबलावर सांडली. सेन्सेईंनी काही न बोलता ती पिसाने गोळा करून पुन्हा कागदात घेतली.

जूनमध्ये सासूबाई आल्या. थाळी त्यांना कौतुकाने दाखवली. त्यांनी सोनेरी रेषेवरून बोट फिरवलं. "छान केलंयस. पण तडा गेलेलं भांडं घरात ठेवू नये, माहितीये ना?" मी म्हटलं, माहितीये. कोशिंबिरीच्या ताटलीतल्या चिरेबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. दोन दिवस त्या तिच्यातून निमूट काकडी खात होत्या.

रविवारी पाऊस नव्हता म्हणून त्यांना बाजारात नेलं. जपानी एक अक्षर येत नाही, पण त्यांना भाषेची गरज पडत नाही. एका मांडणीवर पाच ताटल्यांची चळत होती. मेइजी काळात, १८६८ नंतर, हाताने रंगवायच्या ऐवजी कागदी साचे वापरून छापलेल्या ताटल्या निघाल्या, त्यातल्या. निळा रंग जरा भडक, धुण्याच्या निळीसारखा. छाप जिथे जुळायचा तिथे अर्धं पान दुसऱ्या पानावर चढलेलं. बड्या संग्राहकांनी कधी ढुंकून बघितलं नसेल, मला त्या फार आवडतात. जपानी माणूस संच पाचाचा करतो. चार म्हणजे 'शी', आणि 'शी' म्हणजे मरण, म्हणून चार नको. आपला अर्धा डझन त्यांच्या डोक्यातच नाही.

शेजारी एक निळी-पांढरी थाळी होती, बेदाग, किंमत वीस हजार. मी टॉर्च काढणार तोवर सासूबाईंनी ती पंजावर तोलली आणि दुसऱ्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारली. विकणारा जागचा उठला. मी घाईघाईने "माफ करा, माफ करा" म्हणत होते. त्या मात्र कान देऊन ऐकत होत्या, कुंभाराकडे माठ घेताना ऐकतात तशा. पुन्हा एक टिचकी. "बद्द वाजतंय," म्हणाल्या आणि खाली ठेवली. मी विकणाऱ्याला विचारलं, कुठे दुरुस्ती आहे का? तो क्षणभर माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिला. मग थाळी फिरवून काठाचा एक भाग त्याने स्वतःच बोटाने दाखवला.

तोवर सासूबाई छापील ताटल्यांकडे वळल्या होत्या. एकेक उचलून टिचकी, कान, बाजूला. पाचही खणखणीत निघाल्या. एकूण दोन हजार येन. विकणारा आता हसत होता, त्याने स्वतःहून अठराशे केले. मी पैसे काढले, तो वर्तमानपत्रात एकेक ताटली गुंडाळायला लागला. सासूबाईंनी पुड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विचार त्याला, सहावी कुठंय?"